हवेचं फेंडर: जुनं दुरुस्त करावं, नवं घ्यावं, की फोमचं बरं?

धक्क्यावरचा
नमस्कार मंडळी. एका मालवाहू जेट्टीची देखभाल माझ्याकडे आहे. आजवर छोटी जहाजं आणि बार्जेस (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) लागायची. आता १४,५०० टनी जहाजं येणार आहेत. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साधारण ४ मीटरने वरखाली होते. धक्क्याला बोल्टने बसवलेली डी आकाराची भरीव रबरं जागोजागी फाटली आहेत, आणि ओहोटीला छोटी बार्ज त्यांच्या खालीच जाते. म्हणून तरंगणारी हवेची फेंडरं (जहाज टेकतानाचा मार झेलायला मधे ठेवतात ती) लावायचा विचार आहे.

आवारात २ मीटर व्यासाची, ३.५ मीटर लांबीची दोन जुनी हवेची फेंडरं पडून आहेत. हवा भरली की आठ-दहा दिवसांत मऊ पडतात. तर प्रश्न असे: ही दोन दुरुस्त करून चालतील का? नवी घ्यायची तर मापं कशी ठरवायची? जाळीवाली घ्यावीत की दोर अडकवायच्या कड्यांची? आणि नंतर निगा कशी राखता? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

चौकस
प्रतिसाद वाचायला बसलो आहे. जहाज आणि धक्क्याच्या मध्ये हवेची पिशवी, एवढंच माहीत होतं.

गणितगोडी
धक्क्यावरचा, १४,५०० टन म्हणजे वाहून नेण्याची क्षमता ना? हिशोबाला तो आकडा चालत नाही. लागताना जहाजाचं मालासकट पूर्ण वजन किती, म्हणजे ते किती पाणी बाजूला सारतं, ते लागेल. दुसरं म्हणजे धक्क्याला टेकताना वेग किती असतो? टग (जहाज ओढणारी-ढकलणारी छोटी बोट) असतो का? हे दोन आकडे मिळाल्याशिवाय माप सांगणं म्हणजे पाय न बघता चप्पल देणं.

धक्क्यावरचा
बरोबर, क्षमताच लिहिली होती. पूर्ण भरल्यावर २०,००० टनांच्या आसपास. टग एक आहे. वेग कधी मोजला नाही. पायलट (जहाज धक्क्याला आणून लावणारे वाटाडे) म्हणतात "अगदी हळू".

गणितगोडी
"अगदी हळू"चा आकडाच सगळं ठरवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेकताना जहाजाची ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. २०,००० टन आणि सेकंदाला १५ सेंटिमीटर धरले तर २२५ किलोज्यूल. जहाजाबरोबर आजूबाजूचं पाणीही ओढलं जातं, त्यासाठी १.७ ने गुणू. जहाज सहसा सपाट न टेकता एका टोकाकडून टेकतं आणि थोडं वळतं, त्यात काही ऊर्जा निघून जाते, म्हणून ०.५ ने गुणू. झाले १९१. कधीतरी दोर तुटतो, टग उशिरा पोचतो, वारा उठतो, त्यासाठी दीडपट धरा. २८७ किलोज्यूल.

तुमच्या मापाचं म्हणजे २००० बाय ३५०० मिलिमीटरचं, ५० किलोपास्कल दाबाचं फेंडर ६० टक्के दबेपर्यंत ३०८ किलोज्यूल घेतं. म्हणजे जेमतेम बसलं.

आता वेग २० सेंटिमीटर करा. वाढ पाचच सेंटिमीटरची, पण वर्ग होतो ना! ५१० किलोज्यूल. त्याला २५०० बाय ४००० लागेल, ते ६६३ घेतं. पहिला टेका एकाच फेंडरवर येतो, म्हणून हा हिशोब एका फेंडरचा. "चार लावलीत, चौघं वाटून घेतील" असं धरू नका.

जुना सारंग
गणितगोडी यांच्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारा. तीस वर्षं जहाजावर काढली. जहाज सरळ येऊन चारही फेंडरांना एकदम टेकलंय असं मी मोजक्या वेळा पाहिलं. पुढचा खांदा आधी लागतो नाहीतर मागचा. मग ते दुसऱ्या टोकाला झुलतं आणि तिथलं फेंडर खातं.

वेगासाठी धक्क्यावर लेझर लावा. महाग यंत्रणा नसेल तर हातातलं अंतर मोजायचं लेझरही चालतं, फक्त दर पाच सेकंदांनी आकडा लिहून ठेवणारा माणूस हवा. आणि शांत समुद्रातले आकडे घेऊन बसू नका.

तरंग
मी वेगळं सुचवतो. फोम भरलेलं फेंडर घ्या. आत बंद पेशींचा फोम, बाहेर पॉलियुरेथेनची जाड कातडी. भोक पडलं तरी बसत नाही, बुडत नाही, दाब तपासायला नको. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर हवेच्या मागे धावत बसाल.

रबरी
फेंडर दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. तरंग म्हणतात ते खरं आहे, फोमचं फेंडर अचानक दगा देत नाही. पण वर्षानुवर्षं दबून फोमची उसळी कमी होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. हवेच्या फेंडरचं दुखणं गेजवर दिसतं. शिवाय ते एकदम कडक होत नाही, दाब चढत्या क्रमाने वाढतो, आणि जहाजाच्या पत्र्यावर पडणारा भार मोठ्या जागेत पसरतो. पातळ पत्र्याच्या टँकरवाल्यांना आणि भर समुद्रात जहाजाला जहाज लावणाऱ्यांना हवेचंच आवडतं ते यामुळे.

माणूस नेमून आठवड्याला तपासणी होणार असेल तर हवेचं. होणारच नसेल तर फोमचं घ्या आणि सुखाने झोपा, मला वाईट वाटणार नाही.

धक्क्यावरचा, त्या दोन फेंडरांवर काय छापलंय ते आधी बघा. आयएसओ १७३५७ या हवेच्या फेंडरांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेल्या फेंडरवर मानकाचा क्रमांक, माप, मूळ दाब, कोणी बनवलं, कधी बनवलं आणि अनुक्रमांक असतो. काहीच नसेल तर धक्क्याला लावू नका.

हेल्मेटवाला
रबरी तपासायला सांगताहेत त्याआधी माझं ऐका. फेंडर उघडायच्या आधी गेज शून्यावर आलंच पाहिजे. तोंडावरच्या झाकणाचा बोल्ट आत हवा असताना सैल करायचा नाही, एकसुद्धा नाही.

५० किलोपास्कल ऐकायला किरकोळ वाटतात, ट्रकच्या टायरात याच्या दहापट आणि जास्तच असतात. पण झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्यावर आतून साडेतीनशे किलोच्या वर जोर असतो. माझ्यासमोर एकाने "थोडीच हवा राहिलीय" म्हणत पाना लावला. सहा बोल्ट निघाले, सातवा वाकला आणि झाकण त्याच्या खांद्याला घासून मागच्या पत्र्यावर आदळलं. पत्र्याला पडलेली खोक मी नंतर बोटाने चाचपून पाहिली. माणूस वाचला, हात अजून पूर्ण वर जात नाही. तेव्हापासून मी आधी व्हॉल्व्हचा गाभा काढायला लावतो, आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायला लावतो, मगच पाना.

मोठ्या फेंडरात कोणी आत उतरणार असेल तर ती बंदिस्त जागा आहे. आतली हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय नाही.

धक्क्यावरचा
हेल्मेटवाला, हे वाचून आमच्या फिटरलाही दाखवलं. तो उद्या झाकणच उघडणार होता.

छाप सापडले. ब्रशने खारं पाणी आणि शेवाळ काढल्यावर दिसले. दोन्ही ५० किलोपास्कलची, एक ९ वर्षं जुनं, दुसरं १४.

चौकस
मधेच विचारतो. ही कल्पना सुचली कोणाला? त्याआधी काय लावायचे?

जुना सारंग
चौकस, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आधी काथ्याच्या दोरांच्या गुंड्या, लाकडी ओंडके, जुने टायर. दक्षिण महासागरात देवमाशांची शिकार करणारे ताफे तर मारलेले देवमासेच दोन जहाजांच्या मध्ये तरंगत ठेवायचे. आत हवा, बाहेर जाड चरबी, तेच फेंडर. जपानच्या योकोहामा रबर कंपनीने १९५८ मध्ये तरंगणारं हवेचं रबरी फेंडर बनवलं आणि ते काम रबराकडे आलं. म्हणून अजून खलाशी कुठल्याही कंपनीच्या हवेच्या फेंडरला सरसकट 'योकोहामा' म्हणतात.

चौकस
देवमाशाचं फेंडर! आज घरी सगळ्यांना सांगणार. धन्यवाद सारंगकाका.

शिडाचा नाद
अवांतर होईल, पण छोट्या शिडाच्या बोटीवाले इथे असतील तर: आमची पीव्हीसीची फेंडरं दगडासारखी फुगवू नका. अंगठ्याने दाबलं की जरा आत गेलं पाहिजे. कडक फेंडर बोटीच्या कडेवरून उडी मारून वर येतं. आणि ती पुसायला अ‍ॅसिटोन वापरू नका, पीव्हीसी चिकट होतं.

रबरी
मोठ्यांतही हेच होतं. उलट दाब कमी असेल तर फेंडर ठरल्यापेक्षा जास्त दबतं आणि ऊर्जा पुरी घेत नाही. जास्त असेल तर उलटा जोर वाढतो. छापलेला दाब म्हणजे अंदाज नव्हे, त्यावरच गणितगोडींचे ते ३०८ अवलंबून आहेत.

गळती शोधायची रीत सांगतो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, फेंडर लाकडी ओंडक्यांवर मोकळं ठेवा. पूर्ण दाबापर्यंत भरा. बादलीत साबणाचं दाट पाणी, एक मऊ ब्रश. आधी व्हॉल्व्ह, मग झाकणाची कड बोल्टाबोल्टाने, मग अंग. घाई नको. मोठं भोक फुसफुसतं, ते सापडायला साबण लागत नाही. आठ दिवसांत मऊ करणारी गळती फार बारीक असते. फेस लावल्यावर मिनिट-दीड मिनिट काही होत नाही, आणि मग मोहरीएवढे पांढरे बुडबुडे एका रेषेत उगवायला लागतात. झाकणाच्या कडेला ते दिसले तर नशीब समजा, आतली ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) बदलली की झालं.

अंगावर एकाच ठिकाणी न येता पसरून घाम फुटल्यासारखे आले तर वाईट बातमी. आतलं रबर कुठेतरी फाटलंय, हवा रबराच्या मधल्या, मजबुतीच्या दोऱ्यांच्या थरात शिरलीय आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतेय. भोक एकीकडे, बुडबुडे भलतीकडे.

आणि भेगा बघा. वरवरच्या केसासारख्या भेगा उन्हाने आणि ओझोनने येतात, त्यांना घाबरू नका. पण भेग बोटांनी फाकवल्यावर आत सुताची वीण दिसली, तर ते रबर नव्हे, ती फेंडरची हाडं आहेत. वरचं रबर घासून, नवं रबर लावून जागच्या जागी भरता येतं. दोऱ्याचा थर तुटला की ठिगळ लावून परत धक्क्याला लावू नका.

खारं पाणी
रबरी "सकाळी लवकर" म्हणाले त्यावर माझा अनुभव. आमच्याकडे एक उत्साही पोरगा दुपारी दाब तपासायचा. उन्हात गेज ६० दाखवायचं, तो १० सोडून द्यायचा. रात्री फेंडर मऊ. आम्ही दोन महिने नसलेली गळती शोधत होतो!

गणितगोडी
खारं पाणी, तुमचा आकडा अगदी हिशोबाप्रमाणे आहे. गेजवरच्या ५० मध्ये वातावरणाचे १०१ मिळवले तर आतला खरा दाब १५१. हवा २५ अंशांवरून ४५ वर गेली तर तो १६१ होतो, गेजवर ६०. म्हणून तपासणी नेहमी एकाच वेळी, आणि नोंदीत दाबाशेजारी तापमान लिहा. जहाज टेकलेलं असताना घेतलेला आकडा तर मुळीच धरू नका.

तरंग
हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. आकड्यांची वही, साबणाची बादली, तापमान. फोमला यातलं काही लागत नाही.

खारं पाणी
तरंग, तुमचा मुद्दा मान्य, पण आमच्याकडे दोन्ही आहेत. फोमच्या फेंडरची कातडी धक्क्याच्या खडबडीत काँक्रीटवर घासून फाटली आणि पाणी आत शिरलं. उचलताना क्रेनवाला म्हणाला, "हे दुप्पट जड झालंय." धक्क्याची भिंत खडबडीत असेल तर दोघांनाही सारखाच त्रास.

जुना सारंग
भिंतीचा विषय निघालाच तर, धक्क्यावरचा, तुमची जेट्टी खांबांवर उभी आहे की सपाट भिंत आहे? तरंगणाऱ्या फेंडरला पाठ टेकायला सपाट जागा लागते, आणि सर्वात खोल ओहोटीलाही ती पाण्याखालपर्यंत हवी. खांब असतील तर फेंडर दोन खांबांच्या मधे घुसतं.

धक्क्यावरचा
सपाट भिंत आहे, पण काही ठिकाणी जुन्या फेंडरांचे बोल्ट बाहेर आले आहेत.

जुना सारंग
ते बोल्ट कापून मुळापासून घासून टाका, नवं फेंडर यायच्या आधी. पहिल्या आठवड्यात भोक पाडायची तीच जागा.

बांधायचे दोर नाहीतर साखळ्या भरतीच्या हिशोबाने मोजा. आखूड पडल्या तर ओहोटीला फेंडर हवेत लटकतं आणि सगळं वजन शॅकलवर (साखळी जोडायच्या लोखंडी कडीवर) येतं. फार लांब ठेवल्या तर फेंडर भटकतं आणि जहाज येतं तेव्हा जागेवर नसतं. आम्ही पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या उधाणाला स्वतः उभे राहून दोन्ही टोकं बघायचो, मग साखळी कापायचो.

आणि ती छोटी बार्ज विसरू नका. २ मीटरचं फेंडर पाण्यात थोडंच बुडतं, बाकीचं वर असतं. बार्जची कड पाण्यापासून मीटरभरही वर नसेल तर फेंडर तिच्या डेकवर चढून बसतं. तिच्यासाठी जेट्टीच्या एका टोकाला लहान व्यासाची वेगळी लावा.

खारं पाणी
जाळीबद्दल कोणी बोललं नाही. टायर आणि साखळीचं जाळं असलेलं फेंडर मार खातं, अंगाला जहाजाचा पत्रा लागत नाही. पण जड असतं, साखळी गंजते, आणि जहाजाच्या बाजूला आडवी पट्टी असेल तर जाळं तिच्यात अडकतं. दोन टोकांना कड्या असलेलं साधं फेंडर हलकं, उचलायला सोपं, पण त्याचं अंग उघडं. धक्क्याला कायम राहणार असेल तर जाळीवालं, उचलून इकडेतिकडे न्यायचं असेल तर साधं. टायरांचे काळे डाग जहाजावर पडतात, कप्तान रागावतात, त्याला इलाज नाही.

जाळ्यातली साखळी महिन्याला बघा. कडी कडीवर घासते तिथे आतून झिजते, वरून जाडजूड दिसते. कडी फिरवून आतली बाजू बघायची.

चौकस
बाजारात जहाज पाण्यात ढकलायच्या लांब हवेच्या पिशव्या स्वस्त मिळतात असं ऐकलं. त्या का नाही चालत?

रबरी
चौकस, हे विचारलंत ते बरं झालं, कारण माझ्याकडे अशी फाटलेली पिशवी "फेंडर दुरुस्त करा" म्हणून आली होती. एका विक्रेत्याने फेंडर सांगून विकलेली. त्या पिशव्यांचं मानकच वेगळं, आयएसओ १४४०९. त्या जहाजाखाली लोळण्यासाठी बनतात. कडेने वारंवार दबणं, भिंतीवर घासणं, किती ऊर्जा घेणार याची हमी, यातलं काही त्यांच्यात नसतं. दिसायला भाऊ, कामाला परके.

हेल्मेटवाला
एक राहिलं. २५०० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या फेंडरला मानकाप्रमाणे सुरक्षा व्हॉल्व्ह लागतो. जास्त दबलं तर तो हवा सोडतो आणि फेंडर फुटत नाही. घेताना तो आहे का बघा. आणि तो रंगवून बंद करू नका! रंगाऱ्याने सगळं झाकण एकसारखं रंगवलेलं मी पाहिलंय.

गणितगोडी
माप मोठं घेताना जेट्टीलाही विचारा. २००० बाय ३५०० पूर्ण दबलं की ८७५ किलोन्यूटन उलटा जोर देतं, २५०० बाय ४००० तसंच दबलं तर १,३८१. पण तेवढीच ऊर्जा मोठं फेंडर कमी दबून घेतं, म्हणजे रोजच्या टेकण्यात मोठ्याचाच जोर कमी. ८० किलोपास्कलचं घ्या असं कोणी सुचवेल. त्यात त्याच मापात जास्त ऊर्जा बसते खरी, पण जोर जवळपास एक तृतीयांशाने वाढतो. जुन्या जेट्टीला मी ते लावणार नाही. अडचण एकच, मोठ्या फेंडरने जहाज अर्धा मीटर आणखी लांब उभं राहतं. क्रेनचा हात पोचतो का?

(दीड महिन्यानंतर)

धक्क्यावरचा
मंडळी, धागा वर आणतोय, कारण तुम्हा सगळ्यांना कळवायचं होतं.

गाभा काढून, गेज शून्यावर आणून, मगच झाकणं उघडली. ९ वर्षांच्या फेंडरची ओ-रिंग चपटी होऊन एका जागी चिरली होती. नवी घातली, खाचेतला गंज पॉलिश पेपरने काढला, साबण लावला. एकही बुडबुडा नाही. आज १९ दिवस झाले, सकाळी ७ वाजता २६ अंशांना गेज ४९ दाखवतंय.

१४ वर्षांच्याला घाम फुटला, रबरींनी लिहिलं होतं अगदी तसा. पोटाकडच्या भेगेत टॉर्च मारली तर राखाडी सूत दिसलं, दोन धागे तुटून बाहेर आलेले. ते बाद केलं. आमचा फिटर भोवती फिरून म्हणाला, "वरून तर हेच चांगलं दिसत होतं." खरंच दिसत होतं.

वेग मोजला. ११ जहाजं, सर्वात जास्त १४ सेंटिमीटर. पण सारंगकाकांचं ऐकून वाऱ्याच्या दिवसांची वाट पाहिली, तेव्हा एकदा १९ आला, टग दुसरीकडे होता. त्यामुळे २५०० बाय ४०००, ५० किलोपास्कल, जाळीवाली, सुरक्षा व्हॉल्व्हसह. क्रेनचा हात पोचतो, फक्त शेवटच्या गाळ्यात कमी पडतो, तिथे जहाज थोडं पुढे सरकवावं लागेल. जेट्टीच्या अभियंत्यांनी जोराचा आकडा तपासून होकार दिला. दुरुस्त केलेलं जुनं फेंडर मोठ्या जहाजांना लावणार नाही, मधल्या आकाराच्यांसाठी ठेवलंय. बार्जसाठी टोकाला लहान व्यासाची दोन.

एक शंका उरली. वापरात नसताना जुनं फेंडर कुठे आणि किती हवा ठेवून ठेवावं? सध्या वर्कशॉपच्या मागे आहे.

रबरी
वर्कशॉपच्या मागे वेल्डिंग आणि मोटरी चालत असतील तर तिथून हलवा. ओझोन तिथेच तयार होतो, रबराला तो उन्हापेक्षाही लवकर भेगा पाडतो. सावलीत, लाकडी ओंडक्यांवर, तेलापासून लांब. आकार राहील इतकी हवा ठेवा, पूर्ण रिकामं करून घडी घालून ठेवलंत तर घडीवर चिरेल. महिन्याने थोडं फिरवा, म्हणजे एकाच बाजूवर बसणार नाही.

जुना सारंग
ते बोल्ट कापले का?

धक्क्यावरचा
कापले काका. बावीस निघाले. शेवटचे तीन फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडे पडतात, ते परवा पहाटे कापायला उतरतोय.